सोलापुरात शेळगी-विडी घरकुल भागात दोन तास लेकरू सांभाळणारं कुणी आहे का?

दोन_तास | रात्री ११.४८

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मुलगा सात वर्षांचा. ऑटिझम, सोबत बौद्धिक अक्षमता. बोलत नाही, पण घरातलं सगळं कळतं. दही संपलंय हे माझ्याआधी त्याला माहीत असतं. दार उघडं दिसलं की पळतो, रस्त्याची भीती अजिबात नाही. त्यामुळे आमच्या दाराला आतून वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या आहेत. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, शिफ्ट फिरती. सासूबाई गावी, त्यांचे गुडघे गेलेत. माझी आई नाही.

आठवड्यातून दोन तास कुणीतरी त्याच्याजवळ बसावं एवढंच हवंय. पैसे देईन. तीन पाळणाघरांत विचारलं. दोघींनी ऐकूनच नाही म्हटलं. तिसरीनं हो म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी निरोप आला की बाकीच्या मुलांच्या आया कुरकुरतात.

थेरपी कुठं मिळते हे विचारत नाहीये. ते माहीत आहे. त्या दोन तासांत तू करणार काय, असं नवऱ्यानं विचारलं. मला उत्तर आलं नाही.

गुरुजी_बाळे | सकाळी ६.१०

ताई, मी विशेष शिक्षक होतो, आता निवृत्त. आधी हे सांगा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम स्वतंत्र धरलाय. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते, तेव्हा अशा मुलांना आम्ही ‘मतिमंद’ या एकाच पोत्यात भरायचो. ४० टक्के किंवा त्यापुढचा दाखला असेल तर बहुतेक दारं उघडतात. लहान मुलांचा दाखला कायमचा नसतो, त्यावर नूतनीकरणाचं वय लिहिलेलं असतं, तेवढं बघून ठेवा.

दुसरं, निरामय विमा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. फक्त दरवर्षी नूतनीकरण विसरायचं नाही. बिलं जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही.

दोन_तास

गुरुजी, कार्ड झालंय, निळं आहे. निरामयही काढलाय. मनापासून धन्यवाद, पण दोन तासांचं काही सुचतंय का?

पुण्यातला_सोलापूरकर | सकाळी ९.३०

सोलापुरात काही होणार नाही, स्पष्ट बोलतो. पुण्याला शिफ्ट व्हा. इथं एका छताखाली स्पीच, ऑक्युपेशनल, सगळं मिळतं. आमच्या सोसायटीतच दोन केंद्रं आहेत. आणि पगारातून कर कापला जात असेल तर दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी) बघा. ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख वजावट मिळते, फक्त जुनी करप्रणाली घ्यावी लागते. ऑटिझमला डॉक्टरांचा दाखला ठराविक नमुन्यात लागतो.

दोन_तास

दादा, कराचं कामाचं आहे, नवऱ्याला सांगते. पुण्याचं भाडं तुम्ही देणार असाल तर आजच बॅग भरते. (चिडून नाही लिहिलं. थोडं चिडून लिहिलं.)

मागवाला | दुपारी २.०५

ताई नमस्कार. मी विडी घरकुलात राहतो, कारखान्यात माग बघतो. पोरगी नऊ वर्षाची, सेरेब्रल पाल्सी. हिथं सगळे दाखले न योजना सांगूलालेत, तुमी विचारूलालाव एक न उत्तर येऊलालंय दुसरंच.

पोरगी रात्री दचकून उठती. आमच्या ओळखीच्या थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं की अंगावर जरा वजन दिलं की ह्या लेकरांना बरं वाटतं. बाहेर त्याच्या स्पेशल गोधड्या हजारात विकतेत. म्हणलं बाई, आमी काय करतो दिवसभर? जुन्या जॅकार्ड चादरीची चौघडी केली न पायापासून छातीपर्यंत टाकली. तोंड-नाक मोकळं ठिवायचं, आन तिला सोताच्या हातानं काढता आली पायजे, हे मात्र लई महत्त्वाचं. झोपती आता. उन्हाळ्यात नाही जमत, मग ओला पंचा.

तुमचं लेकरू चादरीत गुंडाळून घेतं का?

दोन_तास

घेतं! गाद्यांच्या चळतीत घुसून बसतो. मला वाटायचं लपतोय.

मीसुद्धा_आई | दुपारी ३.४०

राग मानू नका, पण आपल्याच लेकराचा दोन तास कंटाळा? माझ्या आईनं पाच मुलं वाढवली, त्यातला एक भाऊ असाच होता. कधी कुणापुढं हात पसरला नाही. देव अशी मुलं निवडक आईबापांनाच देतो. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाला बाशिंग बांधायचा नवस बोला, मन शांत होईल.

दोन_तास

यात्रेला नेलं होतं. दारूकाम सुरू झालं आणि त्यानं कान दाबून स्वतःचा दंड चावला. रक्त आलं. सिद्धेश्वरावर माझी श्रद्धा आहे, पण होम मैदानावर त्या रात्री आम्ही परत जाणार नाही.

आणि ताई, एक विचारू? तुमच्या आईंच्या वाड्यात चुली किती होत्या?

मीसुद्धा_आई

अकरा.

पूर्वभाग | सायंकाळी ७.१५

वरची ‘अकरा’ वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही दत्त नगरात राहायचो. एका बोळात सात घरं. माझी मुलगी पाच वर्षांची, डाऊन सिंड्रोम. ती या घरात नसली तर त्या घरात असणार, मी शोधायलाही जायची नाही. एक म्हातारी तिला रोज इडली भरवायची. आम्हाला कधी वाटलं नाही की याला ‘सपोर्ट’ म्हणतात.

मग कुंभारीला रे नगरात, कामगारांच्या नव्या घरकुल वसाहतीत, घर मिळालं. स्वतःचं घर, पक्कं छप्पर, कुणाला नको असतं? २०२४ च्या जानेवारीत चावी वाटप झालं तेव्हा रडलो आम्ही. पण बोळ मागं राहिला. शेजारी सगळे आपापल्या दाराला नवे. सासू विड्या वळते. तिच्या सुपात तंबाखू आणि पोरगी हाताला लागेल ते तोंडात घालते. बोळात होतो तोवर सासू वळायला बसली की पोरगी पलीकडच्या घरात. आता सासूनं वळायचं की पोरीवर नजर ठेवायची? हजार विड्या व्हायला दुपारच्या चारच्या जागी रात्रीचे आठ वाजतात. म्हणून दोन तासांचं मला समजतं.

एक प्रश्न माझाही. घरात आम्ही तेलुगू, बाहेर हिंदी, अंगणवाडीत मराठी. अंगणवाडीत आम्हाला सांगितलं की हिला तीन भाषांचा गोंधळ होतो, घरात मराठीच बोला. चार महिने पाळलं. सासूला मराठी धड येत नाही, तिनं नातीशी बोलणंच सोडलं.

गुरुजी_बाळे | रात्री ८.००

पूर्वभाग ताई, आजच सासूबाईंना मोकळं करा. हा सल्ला आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी सर्रास दिलाय, मीही दिलाय, आणि तो चूक होता. घरात दोन-तीन भाषा असल्यानं बोलणं अडत नाही, डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझमच्या मुलांचंही नाही. हे आता अभ्यासांतून स्पष्ट झालंय. मुलाशी त्या भाषेत बोलावं जी बोलणाऱ्याच्या तोंडात सहज येते. आजीचं तुटकं मराठी ऐकण्यापेक्षा भरभरून तेलुगू ऐकलेलं बरं. शब्दासोबत हाताची खूण करा, तिन्ही भाषांत खूण एकच ठेवा. म्हणजे पाणी, नीळ्ळू, काहीही म्हणा, अंगठा ओठाकडे.

आणि हृदयाचा एको (सोनोग्राफी) झालाय ना? डाऊनच्या जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो. थायरॉइड वर्षातून एकदा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं, पथक तपासायला येतं, त्यांच्या कानावर घाला. शस्त्रक्रियेची गरज निघाली तर ती त्या कार्यक्रमातून मोफत होते.

पूर्वभाग

एको झालाय, छिद्र होतं, आपोआप बुजलं. थायरॉइडची गोळी चालू आहे.

सासूला आत्ता वाचून दाखवलं. काही बोलली नाही. आत जाऊन पोरीला उठवलं, झोपलेली होती.

आशेचा_किरण | रात्री १०.२०

सर्व पालकांनी निराश होऊ नये. स्टेम सेल उपचाराने ऑटिझम आणि सीपी (सेरेब्रल पाल्सी) मुळापासून बरे होते. माझ्या परिचयातील केंद्रात तीन सिटिंग्ज. अधिक माहितीसाठी व्यक्तिगत संदेश करा.

गुरुजी_बाळे

करू नका कुणी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी पैसे मागितले की तिथंच ओळखा.

स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक नवा असेल तर त्याचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस रागावत नाही.

मागवाला

आमच्या भावकीतल्या एकानं प्लॉट विकून केलं ते. लेकरू तसंच. प्लॉट गेला.

धागाप्रमुख

वरची जाहिरात उडवायची होती, पण खालची उत्तरं इतरांच्या कामाची आहेत म्हणून ठेवतोय. आयडी बंद केलाय. फोन नंबर धाग्यावर टाकू नका, व्यक्तिगत संदेश वापरा. मुलांचे फोटोही नकोत.

मोठी_बहीण | दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.३०

इथं सगळे आईबाबा आहेत, मी बहीण आहे. भाऊ चोवीस वर्षांचा, बौद्धिक अक्षमता. लहान मुलांचं तुम्ही लिहिताय, पण लेकरू मोठंही होतं हो. अठरा पूर्ण झाले त्या महिन्यात बँकेनं सांगितलं की आता सही त्याची हवी. सात पिढ्यांच्या ओळखीची शाखा, पण नियम तो नियम. अठरानंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथं अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. सतरा लागलं की कागद जमवायला घ्या.

रेल्वेचं गुरुजींनी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला आणि सोबत्याला, दोघांनाही स्लीपर व थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला रेल्वेच्याच नमुन्यात लागतो, यूडीआयडीची झेरॉक्स दाखवून भागत नाही. मुंबईला तपासणीला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जातो आम्ही. भावाला खालचा बर्थ आणि खिडकी लागते. टीसी आला की तो स्वतः कार्ड काढून दाखवतो. त्या एका मिनिटासाठी तो कुर्डुवाडीपर्यंत जागा राहतो.

आणि दोन_तास ताई, तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नावर. माझी आई बावीस वर्षांत एकटी कुठं गेली असेल तर दोनदा, दोन्ही वेळा मयतीला. त्या दोन तासांत काय करणार याचं उत्तर द्यायची गरजच नाही.

गुरुजी_बाळे | दुपारी ४.००

माझी चूक झाली. ताईंनी विचारलं एक आणि मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आयुष्यभर हेच केलं बहुधा.

तुमच्या मागणीला नाव आहे. नॅशनल ट्रस्टची ‘समर्थ’ योजना नेमकी त्यासाठीच निघाली होती, पालकांना थोडी उसंत मिळावी म्हणून मुलाला काही काळ सांभाळणं. ‘विकास’ ही दहा वर्षांपुढच्यांसाठी दिवसाची सोय होती. पुढे या दोन्ही योजना दुसऱ्या योजनांना जोडल्या. ‘सहयोगी’त सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण मिळतं. २०१६ च्या कायद्यात तर जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. म्हणजे तुम्ही लाड मागत नाही. कायद्यानंही ही गरज मान्य केलीय.

महापालिका असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा बहुतेकदा सायकली आणि रोख मदतीत जातो. दोन खोल्या आणि दोन प्रशिक्षित बायका एवढ्यासाठी तो मागायला कुणी गेलेलं मी तरी पाहिलं नाही. दहा पालकांच्या सह्या झाल्या तर अर्ज मी लिहून देतो, माझं अक्षर चांगलं आहे. पण त्याला महिने लागतील. शनिवारचं काय?

मागवाला | रात्री ९.५०

शनिवारचं मी सांगतो. मंडळीशी बोललो. कारखान्याला शनिवारी अर्धी सुट्टी नाही, पण मंडळी घरीच असती. तिचं म्हणणं असं की शनिवारी चार ते सहा तुमचं लेकरू आमच्याकडं, पुढच्या शनिवारी आमची पोरगी तुमच्याकडं. पैसे नाय. दोघी लेकरांच्या सवयीच्या बाया, घाबरणार नाहीत. आमच्या दाराला वरनं कडी आहे, लावून घीन. शेळगीहून रिक्षा हाय.

दोन_तास

दादा, खरंच? पण तो चावतो कधी कधी. आणि त्याला मध्येच फिट येते, वर्षातून एखादी. तुमच्या पोरीला काही झालं तर?

मागवाला

आमची बी ओढती केस. बघू की.

मोठी_बहीण

अनोळखी घरी सोडण्याआधी एक करा. दोघींनी एकेक चिठ्ठी लिहा, पाकिटात ठेवायची. लेकरू कशाला बिथरतं, कशानं शांत होतं, लघवीची खूण काय, काय खायचं नाही, औषध कोणतं. पहिल्या वेळी तुम्हीही तिथंच थांबा, दुसऱ्या वेळी अर्धा तास सोडा, मग पूर्ण.

फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, आमच्या गल्लीत अजून हुंगवतात. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. हे चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहा.

मीसुद्धा_आई

मी जरा वेडंवाकडं लिहून गेले. शेळगीतच आहे मी. भावाच्या वेळच्या कापडी घड्या अजून आहेत, आणि शनिवारी मोकळी असते. पहिल्या वेळी दोघींसोबत तिसरी हवी असेल तर बसेन. मला पळणाऱ्या पोराची सवय आहे, आमचा भाऊ एकदा थेट स्टेशनवर सापडला होता.

दोन_तास

या.

पूर्वभाग

कुंभारीत माझ्या दोन रांगा पलीकडं एक सीपीचं बाळ आहे, आज कळलं. त्याची आई पण तेलुगूच. सासू म्हणते बोलाव त्यांना, विड्यांचं सूप मी वर माळ्यावर ठेवते.

दोन_तास | तीन आठवड्यांनी, शनिवारी रात्री ९.१०

हिशोब देते. पहिल्या शनिवारी मी तिथंच बसून होते, चहा प्यायले, तो दाराशी रडला. दुसऱ्या वेळी त्यांची लेक आमच्याकडे. तिला भिंतीला टेकवून कसं बसवायचं हे वहिनींनी दाखवलं, दोन्ही बाजूंनी उशा आणि पायाखाली पाट. ती माझ्या मुलाकडे बघून हसत होती, तो तिच्याकडे बघत नव्हता. पण तिची लाळ पुसायचा रुमाल खाली पडला की उचलून तिच्या मांडीवर ठेवायचा. चारदा ठेवला.

आज पूर्ण सोडलं. एक तास चाळीस मिनिटं झाली, मग वहिनींचा फोन आला की घ्यायला या, आता बास. तेवढ्यात चावला एकदा, त्या मावशींना, ज्यांनी मला आधी बोल लावले होते. त्या म्हणाल्या, भावानं याहून जोरात चावलंय. मागवाल्या दादांनी कारखान्यातल्या सुताच्या रिकाम्या रंगीत कांड्या पोतंभर आणून ठेवल्या होत्या. त्यानं लाल, हिरव्या, पिवळ्या वेगळ्या करून भिंतीलगत ओळ लावली, दारापर्यंत. दाराकडं गेलाच नाही, ओळ मोडेल म्हणून.

मी घरी येऊन झोपले. कुकरही लावला नव्हता.

मागवाला

पुढच्या शनिवारी आमच्याकडं पाणी यायचा वार हाय ताई, चार दिवसांनी येतंय, मंडळीला हलता येणार नाही. रविवार चालेल का?

दोन_तास

आमच्याकडे रविवारी येतं. मंगळवारी बघूया?